मृत्युविधीनंतरचे आयुष्य

ज्याच्यासाठी मृत्यूचे विधी एकदा झाले तो मनुष्य जिवंत राहिला, तर तो पूर्वीचाच मानावा की नवा, आणि त्याच्या उरलेल्या आयुष्यावर हक्क कोणाचा, या प्रश्नाचा विचार जुन्या धर्मशास्त्रकारांनी आज वाटतो त्यापेक्षा बराच तपशिलात जाऊन केलेला आहे. परदेशी गेलेला मनुष्य दीर्घकाळ परतला नाही आणि त्याची वार्ताही कळली नाही, तर पळसाच्या पानांची त्याची प्रतिकृती करून तिचे दहन करावे, असा पालाशविधी सांगितला गेला. पुढे तोच मनुष्य दारात उभा राहिला तर काय करावे, याचेही उत्तर निबंधकारांनी दिले असून त्यानुसार त्याला तुपाने भरलेल्या पात्रात बसवून बाहेर काढावे, स्नान घालावे, जातकर्मापासूनचे सर्व संस्कार पुन्हा करावेत आणि त्याने आपल्याच पत्नीशी पुन्हा विवाह करावा. ग्रीक लेखक प्लुटार्क यानेही, मेला असे समजून ज्याचे अंत्यविधी उरकले गेले अशा मनुष्याला त्याच्याकडील लोक नवजात अर्भकाप्रमाणे न्हाऊ घालत, दुपट्यात गुंडाळत आणि स्तनपान देत, अशी नोंद केली आहे. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या दोन समाजांना एकच गोष्ट सुचावी, याचा अर्थ असा की केवळ श्वास चालू राहणे म्हणजे परत येणे नव्हे, हे दोघांनाही दिसत होते. परतणाऱ्याला पुन्हा आत घेण्याचे काम इतरांना करावे लागते आणि त्यासाठी काही रीत लागते.

याची दुसरी बाजू अधिक कठोर आहे. मरणासन्न किंवा असाध्य आजारी मनुष्याने विधींचा विस्तार टाळून केवळ मनाने वा वाणीने संन्यास घ्यावा, यास आतुरसंन्यास म्हणतात आणि जाबालोपनिषदात त्याला मोकळीक आहे. परंतु असा आतुर वाचला, तर त्याने उरलेले विधी क्रमाने पूर्ण करून संन्यासीच राहावे, घरी परतू नये, असा नंतरच्या संन्यासविषयक ग्रंथांचा निर्णय आहे, कारण संन्यास हा व्यवहारातील मृत्यूच समजला जाई. संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांना आणि त्यांच्या मुलांना आळंदीत जो बहिष्कार सोसावा लागला असे परंपरा सांगते, त्याचे मूळ याच समजुतीत आहे. मध्ययुगीन युरोपातही आजाऱ्याला शेवटचे पवित्र तेल लावल्यानंतर तो बरा झाला, तर त्याने मांस खाऊ नये, पत्नीशी संग करू नये, अनवाणी चालू नये, म्हणजे मेलेल्यासारखेच जगावे, असा लोकसमज इतका पसरला होता की तेराव्या शतकातील इंग्लंडमधील धर्मसभांना त्याचा निषेध करावा लागला. शास्त्राची बंधने लोक सैल करतात, असे नेहमी गृहीत धरले जाते. येथे लोकांनीच बंधन घट्ट केले होते आणि ते सोडवायला धर्मसत्ता पुढे आली.

विसाव्या शतकात हा प्रश्न एका मोटार शर्यतपटूच्या रूपाने पुन्हा उभा राहिला, हे वरवर विचित्र वाटेल. 1 ऑगस्ट 1976 रोजी जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग येथे, आयफेलच्या डोंगरातून जाणाऱ्या सुमारे 22.8 किलोमीटर लांबीच्या मार्गावर, गतविजेता ऑस्ट्रियन चालक निकी लाउडा याची फेरारी दुसऱ्या फेरीत बेर्गवेर्क नावाच्या वळणाजवळ बांधावर आदळली, पेटली आणि मागून येणाऱ्या गाडीनेही तिला धडक दिली. हा मार्ग इतका लांब होता की मदत वेळेवर पोचणेच कठीण, आणि याच कारणाने लाउडाने तेथील शर्यतीवर बहिष्कार टाकावा असे सुचवले होते, पण सहकाऱ्यांनी ते मानले नाही. जळत्या गाडीतून त्याला बाहेर काढले ते सुरक्षा पथकाने नव्हे, तर मागून आलेल्या आर्तुरो मेर्झारिओ, गाय एडवर्ड्स, हाराल्ड एर्टल आणि ब्रेट लंगर या चालकांनी. चेहरा आणि डोके भाजले, उजव्या कानाचा बराचसा भाग गेला, पण जिवावर बेतले ते विषारी धूर श्वासावाटे आत गेल्यामुळे झालेल्या फुफ्फुसांच्या आणि रक्ताच्या हानीने. मानहाइमच्या रुग्णालयात तो शुद्धी-बेशुद्धीच्या सीमेवर असताना एक कॅथलिक धर्मगुरू त्याच्या खाटेशी आला आणि त्याने अंतकाळचा विधी केला.

लाउडाने पुढे सांगितल्याप्रमाणे, त्या विधीने त्याला धीर आला नाही, संताप आला. आपण मरणार हे ठरवूनच हा मनुष्य आला आहे असे त्याला वाटले आणि जगण्याचा हट्ट त्यामुळे अधिकच बळावला. ही हकिकत सहसा धर्माला मारलेली चपराक म्हणून सांगितली जाते. परंतु कॅथलिक धर्मशास्त्राच्या बाजूने पाहिले तर तिच्यात एक विलक्षण विसंगती दिसते. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्यास सांगितले आहे ते तो उठून उभा राहावा म्हणून. पुढच्या शतकांत हा संस्कार मृत्युशय्येकडे सरकत गेला आणि अखेर त्याला शेवटचे तेल हेच रूप आले. सोळाव्या शतकातील ट्रेंटच्या धर्मपरिषदेनेसुद्धा बरा झालेला मनुष्य पुन्हा गंभीर आजारी पडल्यास त्याला हा संस्कार पुन्हा देता येतो, असे म्हटले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली हा संस्कार केवळ मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही असे स्पष्ट केले आणि 1972 साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी बदलून रुग्णाला बळ मिळावे आणि त्याची सुटका व्हावी यावर भर दिला. प्रत्यक्ष मरणाऱ्यासाठीचा संस्कार म्हणजे प्रवासाची शिदोरी म्हणून दिला जाणारा ख्रिस्तप्रसाद, तो वेगळा. म्हणजे 1976 च्या ऑगस्टमध्ये खाटेशी उभ्या असलेल्या धर्मगुरूचा धर्म चार वर्षांपूर्वीच लाउडाच्या बाजूला आला होता, पण रुग्णाच्या कानापर्यंत पोचला तो जुना अर्थ. विधीचा अर्थ ग्रंथात बदलतो त्या दिवशी तो खाटेवर पडलेल्या मनुष्याच्या मनात बदलत नाही, हे धर्मसुधारकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे, आणि ते फक्त कॅथलिकांनाच लागू आहे असेही नाही.

अपघातानंतर सहा आठवड्यांनी, 12 सप्टेंबर रोजी, लाउडा इटलीतील मोंझा येथे शर्यतीत उतरला. मधल्या काळात त्याच्या फक्त दोन शर्यती चुकल्या होत्या, आणि फेरारीने कार्लोस रॉयटेमान या दुसऱ्या चालकाला करारबद्ध करून त्याची जागा भरायलाही घेतली होती. जखमा ओल्याच होत्या. त्यांना लागू नये म्हणून हेल्मेटमध्ये बदल करावा लागला, आणि तरीही गाडीतून उतरल्यावर आगीपासून रक्षण करणारे डोक्यावरचे कापड रक्ताने माखून पट्ट्यांना चिकटलेले असे, ते सोलून काढावे लागे. पहिल्या दिवशी गाडी चालवताना आपण भीतीने गोठलो होतो, असे त्याने नंतर मान्य केले. शर्यतीत तो चौथा आला.

या चौथ्या क्रमांकाला लगेच पुनर्जन्म म्हटले गेले. हा शब्द वापरण्यात एक सोय आहे, कारण पुनर्जन्म मानला की जुन्या मनुष्याची भीती, त्याने न्युर्बुर्गरिंगवर घेतलेला आक्षेप आणि तो आक्षेप न ऐकणाऱ्यांची जबाबदारी हे सर्व पूर्वजन्मात टाकून देता येते. चमत्कार या शब्दाचेही तसेच. पण मोंझात जो बसला होता तो नवा कोणी नव्हता. तीच विचार करण्याची पद्धत, धोका मोजून घेण्याची तीच सवय आणि त्याच भाजलेल्या त्वचेखालचा तोच हिशेबी माणूस तेथे होता. शास्त्रकारांनी परतलेल्याला तुपाच्या पात्रातून बाहेर काढले ते त्याला नवा करण्यासाठी असले, तरी पत्नी मात्र जुनीच ठेवली, यात त्यांची व्यवहारी बुद्धी दिसते: संबंध तेच राहतात, त्यांना पुन्हा संमती द्यावी लागते. लाउडाला आपल्या व्यवसायाशी असा पुनर्विवाह करायचा होता, आणि विवाह म्हटला की नकाराचा अधिकारही आला.

तो अधिकार त्याने सहा आठवड्यांनी वापरला. 24 ऑक्टोबर 1976 रोजी जपानमधील फुजी येथे वर्षातील शेवटची शर्यत होती, लाउडा गुणांमध्ये इंग्लंडच्या जेम्स हंटच्या पुढे होता, आणि पाऊस इतका होता की समोरच्या गाडीने उडवलेल्या पाण्यापलीकडे काही दिसत नव्हते. भाजलेल्या पापण्यांमुळे लाउडाला डोळे नीट मिटता येत नसत, म्हणून त्याच्यासाठी ते पाणी इतरांपेक्षा अधिक घातक होते. दोन फेऱ्यांनंतर तो गाडी घेऊन आत आला आणि उतरला. संघाचा अभियंता माउरो फोर्गिएरी याने इंजिनात बिघाड झाल्याचे सांगू, असे सुचवले; लाउडाने ते नाकारले आणि आपण स्वतःच्या निर्णयाने थांबलो असे सांगितले. हंट तिसरा आला आणि 69 विरुद्ध 68 अशा एका गुणाने विश्वविजेता झाला. त्या दिवशी एमर्सन फिटिपाल्डी, कार्लोस पाचे आणि लॅरी पर्किन्स यांनीही शर्यत सोडली, पण त्यांना कोणी भित्रे म्हटले नाही, कारण त्यांच्याकडून कोणी पुनर्जन्माची अपेक्षा ठेवली नव्हती.

येथे गीतेचा आधार घेणारा वाचक आक्षेप घेईल की स्वधर्मात मरणेही श्रेयस्कर मानले आहे, आणि रणातून मागे फिरणे हा तर अर्जुनाचा मोह होता. हा आक्षेप हलका नाही. त्याला पहिले उत्तर असे की क्षत्रियाच्या युद्धामागे लोकसंग्रह, म्हणजे समाज टिकवून धरण्याचे कर्तव्य, सांगितले आहे, आणि मोटार शर्यतीला ते बळ देता येत नाही. ती कितीही थरारक असली तरी कोणाचे राज्य तिच्यावर अवलंबून नसते. दुसरे उत्तर लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’तच सापडते. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात, कर्तव्य कोणते हे एका सूत्रात सांगता येत नाही हे दाखवण्यासाठी टिळक महाभारतातील विश्वामित्राची कथा घेतात. दुष्काळात तो चांडाळाच्या घरी निषिद्ध मांस घेतो, आणि जिवंत राहिले तरच धर्म आचरता येईल असे त्याचे म्हणणे असते. टिळक तेथेच थांबत नाहीत, देह हे सर्वस्व नव्हे आणि तो टाकण्याचेही प्रसंग असतात हेही ते सांगतात. महत्त्वाचे ते हे की दोन्ही प्रसंगी निवाडा कर्त्याच्या बुद्धीने करायचा आहे. अर्जुनाचा दोष शस्त्र खाली ठेवण्यात नव्हता, आप्तस्नेहाने गोंधळलेली बुद्धी धर्म म्हणून मांडण्यात होता. फुजीत गोंधळ नव्हता. उलट खोटे कारण हाताशी असताना ते नाकारले गेले. मोंझातील धैर्याची स्तुती करून फुजीतील माघारीला क्षमा करणारे लेखन म्हणूनच अर्धवट ठरते. ज्या बुद्धीने मोंझात भीती असूनही गाडी चालवता येईल असा निर्णय दिला, तिनेच फुजीत येणार नाही असा दिला.

वाचलेल्या आयुष्याला कर्ज मानण्याची प्रवृत्ती मात्र सहज जात नाही. आपल्या परंपरेत देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे सांगितली आहेत, ती जन्मतः असतात; अपघातातून वाचल्याबद्दलचे चौथे ऋण कोणी सांगितलेले नाही, तरी प्रेक्षक ते वसूल करू पाहतात. पोलंडच्या रॉबर्ट कुबित्साचा उजवा हात 2011 च्या फेब्रुवारीत इटलीतील एका रॅलीत जवळजवळ तुटला, तो 2019 साली फॉर्म्युला वनमध्ये परतला आणि 2025 साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या तिघांत होता. त्या मधल्या वर्षांकडे पुष्कळांनी जणू हप्ते चुकल्यासारखे पाहिले. इटलीच्या आलेस्सांद्रो झानार्दीने वेगळा मार्ग शोधला. सप्टेंबर 2001 मध्ये जर्मनीतील लाउझित्झरिंग येथे 13 फेऱ्या उरलेल्या असताना त्याने दोन्ही पाय गमावले, आणि 2003 साली हातांनी चालवता येईल अशी गाडी घेऊन त्याच मार्गावर त्याने त्या 13 फेऱ्या पूर्ण केल्या. ती शर्यत नव्हती, क्रमांक नव्हता, गुण नव्हते. ज्या समाजाकडे पालाशविधीसारखी परतण्याची रीत उरलेली नाही तेथे एका मनुष्याने ती स्वतः तयार केली, असेच त्याला म्हणावे लागेल. नंतर तो हाताने चालवायच्या सायकलवर पॅरालिम्पिक सुवर्णपदके जिंकला आणि 2020 च्या जूनमध्ये त्याच सायकलवर पुन्हा भीषण अपघातात सापडला; परतण्याच्या विधीने पुढच्या धोक्यापासून संरक्षण मिळते असे शास्त्रकारही कोठे म्हणाले नव्हते.

लाउडाने 1977 चे विजेतेपद मिळवले, 1979 मध्ये कॅनडातील सरावाच्या मध्येच शर्यती सोडल्या, 1982 मध्ये तो परतला आणि 1984 मध्ये अलँ प्रॉस्टपेक्षा अर्ध्या गुणाने पुढे राहून तिसऱ्यांदा विजेता झाला. ही ये-जा त्याच्या स्वतःच्या जिवापुरती होती. तिची मर्यादा दिसली ती 26 मे 1991 रोजी, जेव्हा त्याच्या विमान कंपनीचे बोइंग 767 बँकॉकहून व्हिएन्नाकडे निघाल्यावर थायलंडमध्ये कोसळले आणि 223 जण मरण पावले. उतरल्यानंतर वेग कमी करण्यासाठी इंजिनाचा झोत उलटा वळवणारी यंत्रणा हवेतच उघडली होती. शर्यतीत स्वतःचा जीव पणाला लावणे ही आपली निवड होती, पण तिकीट काढून एका ठिकाणाहून दुसरीकडे जाऊ पाहणाऱ्या माणसांच्या बाबतीत जबाबदारी अगदी वेगळी असते, अशा अर्थाचे तो बोलला. तो अपघातस्थळी गेला, विमानाच्या निर्मात्याकडे जाऊन कृत्रिम उड्डाणयंत्रावर ती परिस्थिती त्याने स्वतः तपासली, आणि अशा वेळी वैमानिकाच्या हातात काही उरत नाही हे त्या निर्मात्या कंपनीने जाहीरपणे सांगावे यासाठी तिच्यावर दबाव आणला.