हाताला काम : फैजपूरचा वाद आणि उद्योगाचा धर्म

उद्योगाचे मोल दोन मापांनी मोजता येते. किती माल निघाला हे एक माप आणि किती माणसे कामाला लागली हे दुसरे. पहिल्याला अर्थशास्त्र वाढ म्हणते, दुसऱ्याला रोजगार. वाढ झाली की रोजगार मागोमाग येतो, असे फार काळ धरून चालले गेले. तो तसा येत नाही हे दिसू लागले, तेव्हा नीतीचा आणि धर्माचा प्रश्न उभा राहिला. काम हे पोट भरण्याचे साधन एवढेच आहे, की माणूसपणाचा भाग आहे? दोन वेळचे अन्न मिळत असले, तरी रिकामा बसवलेला माणूस कशाला तरी मुकतो का?

या वादाच्या दोन्ही बाजू एका मांडवाखाली आल्या त्या खानदेशात. १९३६ च्या डिसेंबर अखेरीस यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन. चित्रकार नंदलाल बोस यांनी अधिवेशनासाठी टिळकनगर उभारले ते बांबूसारख्या आसपास मिळणाऱ्या साहित्यातून आणि गावच्या कारागिरांच्या हातांतून. खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन शेजारीच होते. अध्यक्षस्थानी मात्र जवाहरलाल नेहरू होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लखनौच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी झपाट्याच्या औद्योगिकीकरणावर आपला विश्वास असल्याचे उघड सांगितले होते आणि खादीला संक्रमणकाळापुरते स्थान दिले होते. नुकतेच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉयही फैजपूरला हजर होते. अधिवेशनाने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. त्यात सारा आणि खंड कमी करणे, कर्जाचा बोजा हलका करणे, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी मिळणे, अशी कलमे होती. यंत्राच्या प्रश्नाचा निकाल मात्र तिथे लागला नाही.

गांधीजींची भूमिका यंत्रद्वेषाची होती असे म्हणणे अपुरे आहे. ‘हिंद स्वराज्य’ १९०९ चे. त्यातली भाषा कडक आहे. पुढे १९२४ मध्ये त्यांनी शिलाई मशीनला अपवाद मानले, कारण ते एका माणसाचे कष्ट वाचवते आणि त्याला हुसकावून लावत नाही. यंत्र किती वेगाने चालते याहीपेक्षा त्याने माणसाचे काय होते, ही त्यांची कसोटी होती. १९३४ मध्ये स्थापन झालेला अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्याहून जे. सी. कुमारप्पा चालवीत, तो याच विचारावर. जिरायत मुलखातल्या शेतकऱ्याला वर्षातले कित्येक महिने रानात काम नसते. त्या महिन्यांत त्याच्या हाताला काय मिळणार, याचे उत्तर गिरणीपाशी नाही, असे गांधीजींचे म्हणणे होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी याच रिकाम्या हातांकडे १९१८ मध्येच बोट दाखवले होते, पण निष्कर्ष उलटा काढला होता. शेतीचे तुकडे लहान का, यावरील त्यांच्या निबंधाचा रोख असा की जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे बसली आहेत. ती खातात, पण उत्पादनात भर घालत नाहीत. त्यांना उद्योगात ओढून घेतले तर शेतीवरचा भार उतरेल आणि तुकडे आपोआप मोठे होतील. अतिरिक्त श्रमाचा हा मुद्दा आर्थर लुईस यांच्या १९५४ च्या निबंधाने जगभर गाजला; आंबेडकरांचा निबंध त्याच्या छत्तीस वर्षे आधीचा आहे. यंत्राकडे ते आणखी एका अंगाने पाहत. रोजच्या राबणुकीतून सवड मिळाल्यावाचून सामान्य माणसाच्या वाट्याला शिक्षण आणि संस्कृती येत नाही. ती सवड यंत्रच देऊ शकते.

इथे गीतेचा विचार आडवा येतो आणि तो टाळता येत नाही. १९३२ मध्ये विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. त्यांत स्वधर्म वारंवार येतो. समोर आलेले काम मन ओतून, फळाची आसक्ती न ठेवता करणे, यातून माणूस घडतो. या विचारात एक अट न सांगता दडलेली आहे : काम समोर आले पाहिजे. फळाची आशा सोडणे ही साधना आहे. काम हिरावले जाणे ही साधना नव्हे. बेकारी माणसाची मजुरी नेते आणि साधनेचे क्षेत्रही नेते. म्हणून निष्काम कर्म मानणाऱ्या समाजाला रोजगाराविषयी उदासीन राहता येत नाही.

पण हा स्वधर्म ठरवतो कोण? जन्माने ठरवला तर तो बेडी होतो. फैजपूरच्याच वर्षी आलेल्या ‘जातिभेद निर्मूलन’ या पुस्तकात आंबेडकरांनी दाखवले की जातिव्यवस्थेत कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांची विभागणी आहे. कारखान्यात ती मोडेल अशी आशा होती. मुंबईच्या गिरण्यांनी वेगळेच दाखवले. विणखात्यात कांडीतला धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्या विटाळाच्या भीतीने जास्त पगाराच्या या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. १९२८ च्या संपात आंबेडकरांनी हे गाऱ्हाणे पुढे आणले. यंत्र आले तरी न्याय सोबत आला नाही. त्यासाठी माणसांनाच भांडावे लागले.

खानदेशचा स्वतःचा अनुभव कापसाचा आहे. शंभर किलो कापूस जिनिंगमध्ये घातला की साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. राहिलेली बहुतेक सरकी. रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात. सरकीपासून तेल आणि पेंड मिळते आणि पेंड गुरांच्या दावणीत जाते. जीनमध्ये पिवळा पडलेला कापूस आणि काडीकचरा वेचणाऱ्या बायका, हमाल, गाडीवाले, घाणीवाले असा एकाच पिकाचा पसारा होतो. कारखान्याच्या आतल्या रोजगारापेक्षा भोवतालचा रोजगार मोठा असतो, तो असा. पण पुढची पायरी, म्हणजे सूत आणि कापड, दुसऱ्या मुलखात गेली की हा पसारा मध्येच तुटतो. जळगावची जुनी खानदेश मिल बंद पडली. रुई मात्र आजही गाठी बांधून बाहेर जाते.

अंमळनेरचे उदाहरण याहून बोलके आहे. प्रताप मिलचे मालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी वल्लभदास शेठ यांच्या साथीने १९१६ मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभारले. कापडाच्या नफ्यातून वेदान्ताचा अभ्यास चालला; साने गुरुजीही काही काळ तिथे होते. त्याच गावात डिसेंबर १९४५ मध्ये वनस्पती तेलाची जी कंपनी निघाली, ती पुढे विप्रो झाली. कंपनी संगणकाकडे वळली, जगभर पोचली, तिची बहुतेक माणसे बंगळुरूसारख्या शहरांत कामाला लागली. भांडवल मुक्काम हलवू शकते, शेतमजुराला ते इतके सहज जमत नाही. वाढीचे आकडे देशाच्या खात्यात जमा होतात, बेकारी मात्र त्या त्या गावात राहते. म्हणून उद्योग किती, या प्रश्नाला उद्योग कुठे आणि कोणाच्या मालकीचा, हे प्रश्न जोडावेच लागतात.

मालकीचे एक उत्तर सहकाराने दिले. फैजपूरचा मधुकर साखर कारखाना ऊस पिकवणाऱ्या सभासदांच्या नावाने उभा राहिला. अशा कारखान्यात सभासद शेतकऱ्याला मत असते. ऊसतोड करणाऱ्याला नसते. श्रमाच्या धर्माची भाषा करणाऱ्याला ही उणीव सोडून देता येणार नाही.

यावल-रावेरच्या केळीत आज हाच प्रश्न ताजा आहे. सावदा, निंभोरा, रावेरहून केळी बहुतांशी तशीच उत्तरेकडे रवाना होतात. घड उतरल्यावर खोड बांधावर कुजते. त्या खोडातून धागा काढणारी लहान यंत्रे आहेत आणि ती थोड्या माणसांना चालवता येतात. कच्च्या फळाचे वेफर आणि पीठ होते. हे काम गावातच झाले आणि यंत्राची मालकी ते चालवणाऱ्या बायकांच्या गटाकडे राहिली, तर गांधीजींची कसोटी आणि आंबेडकरांची अपेक्षा दोन्ही पुऱ्या होण्याची शक्यता आहे : हात रिकामा होत नाही आणि सवड मिळते. मालकी दूरच्या व्यापाऱ्याकडे गेली, तर त्याच यंत्रावर त्याच बायका रोजंदारीने बसतील, आणि धाग्याचा भाव ठरवताना त्यांना कोणी विचारणार नाही.