उक्तं दिलेलं अर्थशास्त्र

सकाळची पहिली तासिका. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं महाविद्यालय, बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा वर्ग. फळ्यावर मागणी आणि पुरवठा अशा दोन रेषा एकमेकींना छेदून गेलेल्या. प्राध्यापिका विचारतात, “गेल्या वर्षी उन्हाळ कांद्याला भाव मिळाला म्हणून यंदा कोणाकोणाच्या घरी लागवड वाढली?” निम्म्या वर्गाचे हात वर. “आणि ज्या वर्षी भाव पडला, त्याच्या पुढच्या वर्षी कोणी कमी लावला?” पुन्हा तेच हात. मग त्या एका रेषेवरून दुसरीवर, दुसरीवरून पहिलीवर खडू फिरवत नेतात आणि फळ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी चौकोनी गुंडाळी तयार होते. मागच्या बाकावरून आवाज येतो, “मॅडम, हे तर आमच्या कांदाचाळीचं चित्र आहे!”

या आकृतीला ‘कॉबवेब’, म्हणजे कोळ्याचं जाळं, हे नाव निकोलस काल्डॉर या अर्थतज्ज्ञाने 1934 मध्ये दिलं. आजचा भाव पाहून शेतकरी लागवड ठरवतो, पण माल बाजारात येतो काही महिन्यांनी, आणि तोवर सगळ्यांनीच तोच विचार केलेला असतो. पुस्तकात हा भाग दोन पानांचा. कांद्याच्या पट्ट्यात तो दोन वाक्यांत समजतो, आणि पुढचे प्रश्न मुलंच विचारू लागतात. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं तेव्हा लासलगावचे लिलाव का थांबले? डिसेंबर 2023 ते मे 2024 निर्यातबंदी होती, तेव्हा देशातला भाव कुणासाठी उतरला आणि कुणासाठी बुडाला? ग्राहकाचं आधिक्य आणि उत्पादकाचं आधिक्य या एरवी घोकून पाठ करायच्या संज्ञा, पण इथे त्यांना माणसांचे चेहरे मिळतात.

या प्राध्यापिका ‘तासिका तत्त्वावर’ आहेत, सगळे म्हणतात तसं सीएचबीवर. नेट किंवा सेट झालेली, कधी पीएच.डी.ही झालेली अशी माणसं दर जूनमध्ये मुलाखत देतात, एका शैक्षणिक वर्षापुरती नेमणूक घेतात, शिकवलेल्या तासांचं बिल भरतात आणि ते मंजूर होण्याची वाट पाहतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना काहीच मिळत नाही. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत अर्थशास्त्राचे कितीतरी वर्ग आज याच माणसांच्या जिवावर चालू आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी व्याख्यानामागे 1,500 रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 रुपये असा दर ठरवला. महाराष्ट्रातला पदवी वर्गांचा दर त्याहून कमीच राहिला आहे. त्यात अनेक महाविद्यालयांत तासिका 48 मिनिटांची असते. हिशेब घड्याळी तासाने केला, तर पाच तासिका शिकवून चारच तासांचे पैसे हाती येतात. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होतं. भत्ते, रजा, सुट्टीतला पगार वेगळा.

मात्र रक्कम कमी आहे एवढीच तक्रार करून थांबलं, तर अर्थशास्त्राच्या शिक्षकाला जे सगळ्यात आधी दिसायला हवं तेच निसटतं. मोजायचं काय, हा इथला खरा प्रश्न आहे. आयोगाच्याच 2018 च्या नियमांनुसार पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 40 तास काम करायचं आणि त्यातले 16 तास प्रत्यक्ष शिकवायचं. याचा अर्थ वर्गातल्या एका तासामागे अडीच तासांचं काम आहे, हे आयोगाला मान्य आहे. कायम शिक्षकाच्या पगारात वर्गाबाहेरचे ते दीड तास धरलेले असतात. तासिकेच्या बिलात त्यांना रकानाच नाही. कांद्याचा तास उभा राहण्याआधी त्या प्राध्यापिका बाजार समितीत जाऊन लिलाव पाहून आल्या होत्या, मुलांकडून विक्रीच्या पट्ट्या मागवून त्यांनी त्यावरून तक्ता केला होता. ही कामं कुठे लिहायची?

शेतात हा फरक सगळ्यांना ठाऊक असतो. काही कामं रोजानं द्यायची, काही उक्ती, म्हणजे दिवसावर नाही तर झालेल्या कामावर पैसे ठरवून. ओझी वाहायची असतील, खड्डे खणायचे असतील, तर उक्तं दिलेलं परवडतं. काम किती झालं ते मोजता येतं. खुरपणी उक्ती दिली, तर वाफे दुपारीच स्वच्छ दिसतात, पण तण मुळासकट निघालं की वरवर कापलं गेलं, ते आठ-पंधरा दिवसांनी कळतं. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिल्ग्रॉम या अर्थतज्ज्ञांनी 1991 मध्ये हीच गोष्ट गणिताने मांडली: एका कामाचे अनेक भाग असतील आणि त्यांतल्या मोजता येणाऱ्या भागावरच मोबदला ठेवला, तर माणसाचं लक्ष तिकडेच वळतं आणि न मोजलेला भाग उपाशी राहतो. या दोघांनीही शिक्षकांचंच उदाहरण घेतलं होतं. होल्मस्ट्रॉम यांना पुढे 2016 मध्ये नोबेल मिळालं. शिकवणं हे खुरपणीच्या जातीचं काम आहे आणि आपण ते खड्डे खणल्यासारखं उक्तं देऊन बसलो आहोत.

यावर कुणी ॲडम स्मिथ पुढे करील. स्मिथचं म्हणणं असं होतं की शिक्षकाचं उत्पन्न विद्यार्थ्यांच्या फीवर अवलंबून असलं की तो मन लावून शिकवतो. ऑक्सफर्डमध्ये पगार बांधलेला म्हणून तिथल्या प्राध्यापकांनी शिकवण्याचा देखावाही सोडून दिला होता. 1776 च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये त्याने हे स्वतःच्या अनुभवातून लिहिलं आहे. पण ग्लासगोत स्मिथला नुसती फी मिळत नव्हती, ठरलेलं वेतनही होतं. शिवाय फी देणारा विद्यार्थी समोर बसलेला होता. 1764 मध्ये वर्ष अर्ध्यावर सोडून तो एका तरुण ड्यूकचा शिक्षक म्हणून फ्रान्सला निघाला, तेव्हा त्याने प्रत्येकाची फी वेगळ्या पुडीत बांधून परत करायला आणली. विद्यार्थी घेईनात, तर पहिल्याच्या खिशात त्याने ती बळेच कोंबली, अशी हकिगत सांगतात. आपल्याकडच्या तासिका पद्धतीत मुलांना शिक्षक निवडता येत नाही, आणि तास उत्तम झाला म्हणून दर वाढत नाही. स्मिथला हवी असलेली प्रेरणा यात नाही आणि बांधलेल्या पगाराची निश्चिंतीही नाही. त्याच्या नावाने या पद्धतीची पाठराखण होऊ शकत नाही.

तात्पुरतं किंवा अर्धवेळ शिकवणं मुळात कमी दर्जाचं असतं, हा समजही चुकीचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. नेमणूक तात्पुरती, दोन वर्षांची, वेतन महिना 450 रुपये. सुरुवातीला विद्यार्थी साशंक होते. थोड्याच दिवसांत दुसऱ्या महाविद्यालयांतली मुलं परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. 1920 मध्ये पगारातून साठवलेले पैसे आणि मित्रांची मदत घेऊन ते अपुरा अभ्यास पुरा करायला लंडनला गेले, आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ 1923 मध्ये प्रसिद्ध झाला. वकिली सुरू केल्यावर ते एका लेखाकर्म प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा अर्धवेळ शिकवत होते. बाहेरच्या कामाचा अनुभव घेऊन वर्गात येणारा माणूस विषयाला हवाच असतो. बँकेत कर्जाच्या फायली पाहणाऱ्या अधिकाऱ्याने आठवड्यातून दोन तास बँकिंगचा पेपर शिकवला, तर मुलांचा फायदाच आहे. फक्त त्या माणसाचं घर दुसऱ्या पगारावर चालत असतं. पोटासाठी दोन महाविद्यालयांमध्ये एसटीने फिरणाऱ्याला अर्धवेळ म्हणणं ही दिशाभूल आहे.

महाराष्ट्रात या विषयाला जुनी आणि जिद्दीची परंपरा आहे. लोकहितवादींचं ‘लक्ष्मीज्ञान’ 1849 चं, कृष्णशास्त्री चिपळूणकरांचं ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ 1855 चं; विद्यापीठ निघायच्या आधीच हा विषय मराठीत आला होता. न्यायमूर्ती रानडे यांनी 1892 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर भाषण दिलं. इंग्रजी ग्रंथांतली गृहीतकं जशीच्या तशी या देशाला लागू पडत नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता. तो आजही रोज सकाळी पहिल्या वर्षाच्या वर्गात नव्याने सिद्ध करावा लागतो, आणि तो सिद्ध करायला शिक्षकाला आपला तालुका माहीत असावा लागतो. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी महिना 75 रुपयांवर 20 वर्षं शिकवण्याचं व्रत घेतलं होतं. गोपाळ कृष्ण गोखले त्यांतलेच, आणि फर्ग्युसनमध्ये शिकवलेल्या विषयांत अर्थशास्त्रही होतं. त्या त्यागाचा दाखला आज तासिकेवरच्या शिक्षकांना ऐकवला जातो, तेव्हा एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. पगार थोडा होता, पण वीस वर्षं पक्की होती. पुढच्या जूनमध्ये आपण याच वर्गात असू की नाही, ही चिंता गोखल्यांना नव्हती.

सातत्याचं मोल राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातही हरवतं, आणि हा भाग प्रत्येक अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवला जावा इतका बोलका आहे. सरकार जी सेवा फुकट किंवा नाममात्र किमतीला देतं, तिला बाजारभाव नसतो, म्हणून ती द्यायला जो खर्च आला तोच तिचं उत्पादन मानला जातो. सरकारी महाविद्यालयात तोच पाठ, तीच मुलं, तोच फळा. कायम प्राध्यापकाच्या जागी तासिकेवरचा शिक्षक उभा केला की आकडेवारीत शिक्षणाचं उत्पादन कमी झालेलं दिसतं. आणि मुलांना प्रत्यक्षात काय समजलं, ते कोणत्याच आकड्यात येत नाही.

दुसरा मार्ग आहे आणि तो कुणीतरी चालून दाखवला आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतले शिक्षक वर्षानुवर्षं अभ्यासक्रमागणिक करारावर होते. ऑगस्ट 2022 पासून सुमारे 4,000 जणांना कायम करार मिळाले. त्यांतले बहुतेक आजही अर्धवेळच आहेत. काम थोडं असलं तरी नोकरी टिकाऊ असू शकते. आपल्याकडे रिक्त पदं भरली जावीत ही मागणी रास्तच आहे. पण ती भरेपर्यंत एका वर्षाऐवजी तीन वर्षांची नेमणूक, तयारी आणि पेपर तपासणीचा वेगळा मोबदला, 48 मिनिटांचा पुरा तास धरणं, एवढं तरी लगेच करता येण्याजोगं आहे. तीन वर्षंच का? पहिल्या वर्षाला आलेली मुलगी पदवी घेऊन बाहेर पडते तोवर तिला ओळखणारा एक शिक्षक महाविद्यालयात असावा म्हणून.

कांद्याच्या वर्गातल्या त्या प्राध्यापिकांचं पुढच्या जूनमध्ये जे झालं, ते अनेकांचं होतं. त्या महाविद्यालयात वर्कलोड कमी झाला आणि त्यांना त्याच जिल्ह्यात सुरगाण्याकडच्या डोंगराळ भागात तास मिळाले. वही तीच, कोळ्याचं जाळंही तेच. त्यांनी विचारलं, कांदा कोणाच्या घरी आहे? एकही हात वर आला नाही. इथल्या घरांत भात आणि नागली पिकते तीही खाण्यापुरती, आणि पावसाळा सरला की माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. या वर्गातली मुलं बाजारात माल विकत नव्हती, त्यांच्या घरची माणसं श्रम विकत होती. प्राध्यापिकांनी आकृती पुसली आणि बागेतल्या कामाचे पैसे कसे ठरतात ते विचारलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “उक्तं घेतलं तर पैसे जास्त सुटतात, मॅडम. पण माझी आई रोजानंच जाते. उक्त्यात बारक्याला पाजायला बसलं तर टोळीतल्या बाया बोलतात.”

प्राध्यापिकांनी फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढली. एका बाजूला लिहिलं ‘रोज’, दुसऱ्या बाजूला ‘उक्तं’. कोणतं काम कोणत्या पद्धतीने देतात आणि का, हे घरी विचारून यायला सांगितलं, आणि त्या मुलीला दोन्ही बाजूंखाली पहिली ओळ लिहायला फळ्यापाशी बोलावलं.