मोठ्यांना शिकवणाऱ्यांचे शिक्षण

पहिलीतल्या मुलाला शिकवायचे तर शिक्षकाला आधी दोन वर्षांची पदविका घ्यावी लागते. मूल कसे शिकते, कुठे अडते, कशाने बुजते, हे समजून घेतल्याशिवाय आपण कुणाच्या हाती वर्ग देत नाही. पण चाळिशीतल्या बाईला बचत गटाचा हिशेब शिकवायचा असेल, पन्नाशीच्या बागायतदाराला फवारणीची नवी पद्धत सांगायची असेल किंवा रासायनिक कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराला सुरक्षिततेचे नियम समजावायचे असतील, तर शिकवणाऱ्याच्या पात्रतेची चौकशीही कुणी करत नाही. विषय येतो ना, मग शिकवता येईलच, असे आपण धरून चालतो. ही समजूत चुकीची आहे आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्याला ती फार महागात पडते आहे. मोठ्या माणसांना शिकवणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. त्याचे पदव्युत्तर शिक्षण जिल्ह्यातच मिळायला हवे, हे मला या लेखात मांडायचे आहे.

जगात हे शास्त्र नवे नाही. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत प्रौढ शिक्षण आणि मनुष्यबळ विकास हे दोन विषय एकाच विभागात, एकाच पदवीखाली शिकवले जातात. त्यामागचा विचार सरळ आहे. गावातल्या साक्षरता वर्गात बसलेली बाई आणि कंपनीच्या प्रशिक्षण वर्गात बसलेला पर्यवेक्षक, दोघेही प्रौढ आहेत आणि दोघेही अनुभवाची शिदोरी घेऊन आले आहेत. प्रौढ शिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात आणि नंतरच्या लेखनात याची तत्त्वे मांडली. प्रौढाला आपण हे का शिकतो आहोत ते आधी कळावे लागते, तो जुन्या अनुभवाच्या आधाराने शिकतो, समोरची अडचण सुटणार असेल तर शिकतो आणि स्वतःच्या शिक्षणाची सूत्रे त्याला स्वतःकडे हवी असतात. त्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत नोल्स यांनी मुलांचे शिकणे आणि मोठ्यांचे शिकणे यांत भिंतच घातली होती. १९८० च्या आवृत्तीत ती त्यांनी बरीच खाली आणली, कारण चांगले शिक्षक मुलांनाही असेच शिकवतात, हे त्यांना दिसले.

आपल्याकडे हा विचार पुस्तकांच्या आधी माणसांतून आला. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले, तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी आपल्या देवरुखची होती, गोदूबाई जोशी. लहानपणीच वैधव्य आलेले, विशी उलटलेली, सासरी वर्षानुवर्षे कष्टच उपसलेले. भाऊ नरहरपंत यांनी तिला मुंबईला आणले आणि ज्या वयात त्या काळच्या बायकांच्या मुली लग्नाला येत, त्या वयात ही बाई शिकायला बसली. पुढे महर्षी धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून ती आनंदीबाई, सगळ्यांची बाया कर्वे झाली. तिने ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र लिहिले, कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी वर्गण्या गोळा केल्या, संसाराबरोबर सार्वजनिक काम पेलले. प्रौढ शिक्षणाने माणसात काय घडते, याचे याहून सबळ उदाहरण मला ठाऊक नाही. प्रौढ शिक्षण आणि मनुष्यबळ विकास या बाईच्या आयुष्यात एकच होते.

दापोली तालुक्यातल्या मुरुडचे कर्वे स्वतः २३ व्या वर्षी मॅट्रिक झाले. स्त्रियांच्या विद्यापीठाचे त्यांचे काम सर्वांना माहीत आहे. वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, १९३६ मध्ये, त्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि खेड्यातल्या मोठ्या माणसांची वाचनाची सवय टिकावी म्हणूनही धडपड केली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. अक्षर येणे आणि अक्षर टिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना नेमके उमगले होते. रत्नागिरीतच जन्मलेले बाळासाहेब खेर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) झाले आणि १९३९ मध्ये मुंबई शहरात प्रौढ साक्षरतेची मोठी मोहीम निघाली. गिरणगावातल्या चाळींत तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याची माणसे हजारोंनी राहत होती. गावाकडून आलेले पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते, मनिऑर्डरीच्या फॉर्मवर अंगठा उठवावा लागतो, ही खंत त्या पिढीच्या कितीतरी माणसांनी आयुष्यभर बाळगली.

स्वातंत्र्यानंतर मोहिमा येत राहिल्या. १९५९ मध्ये साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि दोन वर्षांत ती राज्यभर पोचली. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई आणि लोक उत्साहाने त्यात भाग घेत. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान, २००९ मध्ये साक्षर भारत. १९९० च्या सुमारास शेजारच्या सिंधुदुर्गात, म्हणजे १९८१ पर्यंत रत्नागिरीचाच भाग असलेल्या मुलखात, संपूर्ण साक्षरतेची मोहीम जोमाने झाली. सध्या २०२२ ते २०२७ या काळासाठी ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. या सगळ्या प्रयत्नांबद्दल मला आदर आहे. पण त्या सगळ्यांत एक उणीव कायम राहिली. शिकवणारा नेहमी स्वयंसेवक होता किंवा आपले नेहमीचे काम सांभाळून जादा ओझे उचलणारा प्राथमिक शिक्षक होता. मोहीम संपली की तो आपल्या कामाला लागे, नवसाक्षराच्या हाती वाचायला काही उरत नसे आणि बरेच जण शिकलेले विसरून जात. ज्या कामाला कायमचा, प्रशिक्षित माणूस मिळत नाही, ते काम मोहिमेच्या पुढे जात नाही.

मनुष्यबळ विकासाची वाट याच काळात दुसरीकडून निघाली. १९७० च्या दशकाच्या मध्यावर उदय पारीक आणि टी. व्ही. राव या प्राध्यापकांनी मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीसाठी मनुष्यबळ विकासाची पद्धतशीर मांडणी केली. कामगार म्हणजे हजेरीपटावरचे नाव एवढेच न मानता, त्याच्या क्षमता वाढवणे ही संस्थेची जबाबदारी आहे, असे त्यांनी म्हटले. १९८५ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्यालाच मनुष्यबळ विकास मंत्रालय हे नाव मिळाले. पण व्यवहारात हा विषय व्यवस्थापन शाखेत गेला, मोठ्या कंपन्यांच्या चौथ्या मजल्यावर जाऊन बसला आणि प्रौढ शिक्षण खाली गावच्या समाजमंदिरात राहिले.

या दोन वाटा एकत्र आणणारी एक संस्था मुंबईत झाली होती. १९६७ मध्ये वरळीला देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. ते सुरू करण्यात मुंबई शहर समाजशिक्षण समितीचा पुढाकार होता. कामगाराला हातातले कौशल्य तर द्यायचेच, पण त्याबरोबर कायदा, आरोग्य, कुटुंब, नागरिकत्व यांचेही भान द्यायचे, अशी त्यामागची कल्पना होती. पुढे या संस्था देशभर पसरल्या, २००० मध्ये त्यांना जन शिक्षण संस्थान हे नाव मिळाले आणि २०१८ मध्ये त्या शिक्षणाच्या मंत्रालयाकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेल्या. शिवण, ब्युटी पार्लर, संगणक यांचे वर्ग आवश्यकच आहेत. पण शिकणारा माणूस नागरिकही आहे, ही वरळीतली मूळ जाणीव कौशल्याच्या प्रमाणपत्रात पातळ झाली, तर ते मोठे नुकसान ठरेल.

मग रत्नागिरी जिल्ह्यात या शास्त्राचा उच्च अभ्यास होतच नाही का? होतो, पण आपण त्याला त्या नावाने ओळखत नाही. दापोलीला १९७२ मध्ये कोकण कृषी विद्यापीठ झाले आणि तिथे विस्तार शिक्षण या विषयात एम.एस्सी. आणि पीएच.डी. करता येते. शेतकऱ्यापर्यंत संशोधन कसे पोचते, तो ते का स्वीकारतो किंवा का नाकारतो, याचा हा अभ्यास आहे. कोकणात प्रौढ शिक्षणाच्या सर्वांत जवळ जाणारी पदवी हीच.

या अभ्यासाचा कस पुस्तकात लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर कोकणातल्या एखाद्या आंब्याच्या रोपवाटिकेत कोयकलमे बांधणाऱ्या बायका पाहाव्यात. कोयीतून नुकतेच वर आलेले, अजून तांबूस पानांचे रोप हातात घ्यायचे, त्याचा शेंडा छाटायचा, मधोमध उभा काप द्यायचा. तेवढ्याच जाडीच्या हापूसच्या कलमकाडीला खालून पाचरीसारखा आकार द्यायचा, ती कापात बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट आवळायची. साल सालीला भिडली नाही तर कलम जगत नाही. हे शिकवताना तासभर व्याख्यान देणारा प्रशिक्षक हरतो. पाच मिनिटांत चाकू हातात देणारा, पहिली दहा कलमे बिघडू देणारा आणि तीन आठवड्यांनी मेलेली कलमे उलगडून ‘हे का गेले असेल, सांगा बघू’ असे विचारणारा जिंकतो. त्या प्रश्नाला एखादी आजी जे उत्तर देते, ते प्रशिक्षकाच्या टिपणात नसते. ते उत्तर ऐकता येणे, लिहून घेणे आणि पुढच्या वर्गात वापरणे, हे शिकवणाऱ्याचे खरे शिक्षण आहे.

इथेच विस्तार शिक्षणाला एका जुन्या आक्षेपाची आठवण ठेवावी लागते. शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६९ मध्ये, चिलीतल्या कृषी अधिकाऱ्यांचे काम पाहून, असा प्रश्न उभा केला होता की तज्ज्ञ शेतकऱ्याकडे ज्ञान ‘नेऊन देतो’, तेव्हा शेतकऱ्याचे स्वतःचे ज्ञान कुठे जाते? तंत्रज्ञानाचा किती शेतकऱ्यांनी अवलंब केला, एवढेच मोजत बसलो तर शेतकरी हा फक्त घेणारा ठरतो. त्याने काय नाकारले आणि कोणत्या शहाणपणाने नाकारले, हेही प्रबंधाचे विषय झाले पाहिजेत.

आता जिल्ह्याची गरज पाहा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजारांच्या आसपास भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे ८० हजारांनी कमी. हजार पुरुषांमागे ११२० हून अधिक स्त्रिया. साक्षरता ८२ टक्क्यांच्या घरात, पण स्त्री-पुरुषांत मोठे अंतर. याचा अर्थ तरुण माणूस मुंबई-पुण्याला जातो आणि गाव चालवतात त्या बायका, वडीलधारी मंडळी आणि नोकरी संपवून परतलेले चाकरमानी. मुले कमी होत चाललेल्या जिल्ह्यात मुख्य विद्यार्थी मोठा माणूसच आहे.

आणि त्याला शिकवणारे आजही शेकड्यांनी काम करत आहेत. उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या समुदाय संसाधन व्यक्ती, कृषी सखी, बँक सखी, कृषी विज्ञान केंद्रातले तज्ज्ञ, अंगणवाडी सेविका, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातले विस्तार कार्यकर्ते, लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांतले प्रशिक्षण अधिकारी. या सगळ्यांचे काम एकच आहे, पण ते एकमेकांना ओळखतही नाहीत. कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी आणि हिरवा म्हणजे त्यांतला सर्वांत कमी विषारी, हे कृषी सखी बागेत सांगते. रसायनाचे पिंप कसे हाताळायचे, हे सुरक्षा अधिकारी कारखान्यात सांगतो. दोघांसमोरचा श्रोता अनेकदा एकाच घरातला असतो. त्यांच्या अनुभवांची देवाणघेवाण होईल अशी जागा जिल्ह्यात नाही.

ती जागा म्हणजे मोठ्यांना शिकवण्याच्या शास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र रत्नागिरीत आहे. त्या विद्यापीठाचा आजीवन अध्ययन आणि विस्तार विभाग १९७८ पासून काम करतो आणि १२० तासांच्या विस्तारकार्याबद्दल महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना १० गुण देण्याची त्याची पद्धत गोगटे-जोगळेकरसारख्या महाविद्यालयांच्या मुलांना ओळखीची आहे. दापोलीकडे विस्तार शिक्षणाचा अनुभव आहे. १८२८ पासून चालत आलेले रत्नागिरी नगर वाचनालय आहे. या तिघांनी एकत्र यावे. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रौढ कसे शिकतात, कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण कसे आखतात, अनुभवातून आलेल्या कौशल्याची पारख कशी करतात, हे विषय असावेत. किमान निम्मा वेळ वाडीवर, बंदरावर, कारखान्यात जावा. प्रबंध मराठीत असावा आणि तो ज्यांच्यावर लिहिला त्यांच्यासमोर वाचला जावा. २०२१ पासून श्रेयांक साठवण्याची सोय झाली आहे. तिचा उपयोग करून नोकरी-घर सांभाळणाऱ्या ताईला हा अभ्यासक्रम चार-पाच वर्षांत तुकड्या-तुकड्याने पुरा करता यावा.

ही पदवी घेऊन नोकरी कुठे मिळेल, असा प्रश्न पालक विचारतील आणि तो रास्त आहे. त्यावर माझे उत्तर असे की नोकऱ्या आधीच आहेत, त्यांपैकी बहुतेकांना मोठ्यांना शिकवण्याच्या पात्रतेची अट नाही एवढेच. उमेद, कृषी विज्ञान केंद्रे, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आणि उद्योगांतले प्रशिक्षण विभाग यांनी भरतीत या अभ्यासाला प्राधान्य दिले की विद्यार्थी आपोआप येतील. दुसरी शंका अशी की पदवी आली की कामातला जिव्हाळा जातो. परिचारिकांना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळाल्याने रुग्णसेवेतली माया आटली नाही. इथेही आटणार नाही.

या जिल्ह्याने मोठ्या वयात शिकलेली आणि मोठ्या माणसांना शिकवणारी माणसे महाराष्ट्राला दिली. आता त्या कामाचे शास्त्र इथेच शिकवले जावे, ही मागणी जिल्ह्यातल्या प्राध्यापकांनी विद्यापीठाच्या सभागृहात मांडावी, संस्थाचालकांनी उचलून धरावी आणि लोकप्रतिनिधींनी तडीस न्यावी. वाचकांना माझी विनंती आहे की आपल्या गावात मोठ्यांना शिकवणारी जी ताई किंवा जो दादा असेल, त्यांना पुढे शिकायचे आहे का, हे एकदा विचारा आणि उत्तर ‘हो’ आले तर त्यांच्या बाजूने उभे राहा.