फुलांपाशी शिकावे

शास्त्रपाठ : मत्तय ६:२५-३४; यिर्मया १७:५-८



चेन्नईचा मे महिना ज्यांनी अनुभवला आहे त्यांना त्याविषयी अधिक सांगावयास नको. तमिळ लोक या दिवसांना 'अग्निनक्षत्रम्' म्हणतात. पारा चाळीस अंशांपर्यंत चढतो, आणि एग्मोरसारख्या जुन्या, दाट वस्तीत भिंतीसुद्धा रात्री उशिरापर्यंत तापलेल्या असतात. घरापुढील हातभर अंगणात किंवा गच्चीवरील कुंड्यांत लावलेली हंगामी फुलझाडे या दिवसांत माना टाकतात. परंतु त्याच अंगणातील बहुवर्षायू झाडे मात्र फुलत असतात. मोगऱ्याला भर याच दिवसांत येतो. चाफा पाने गाळून बसलेला असतानाच फुलतो. बोगनवेल तर पाणी थोडे कमी मिळाले की अधिकच रंगते. सदाफुली आपले नाव खरे करीत एखाद्या भेगेतही उभी असते.

आपल्या प्रभूने डोंगरावरील प्रवचनात शिष्यांचे लक्ष फुलांकडेच वेधले. तेथील ग्रीक शब्द 'क्रिना' असा आहे. आपल्या मराठी शास्त्रात त्यासाठी 'भूकमळे' हा शब्द आला. जुन्या तमिळ भाषांतरात 'काट्टुप् पुष्पंगळ', म्हणजे रानफुले, असा शब्द आहे. ते फूल नेमके कोणते, याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. परंतु भाषांतर करणाऱ्याला फुलाच्या नावापेक्षा त्या वाक्यातील क्रियापद अधिक वेळ थांबवते. ते क्रियापद 'काटामाथेते' हे होय. त्याचा अर्थ केवळ 'पाहा' असा नाही, तर 'नीट अभ्यास करून शिका' असा आहे. शिष्याला नव्या करारात 'माथेतेस' म्हटले आहे. तो शब्दही याच धातूपासून आला. म्हणजे प्रभू आपल्याला फुलांचे कौतुक करावयास नव्हे, तर त्यांच्यापाशी शिकावयास बसवितो. आणि काय शिकावयाचे? ती किती सुंदर दिसतात हे नव्हे, तर ती कशी वाढतात हे.

मोगरा कसा वाढतो? तमिळनाडूत त्याची छाटणी नोव्हेंबरच्या अखेरीस करतात. त्या वेळी झुडूप ओकेबोके दिसते. पाहुण्याला वाटावे की, हे मेले. चेन्नईचा मुख्य पाऊसही ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांतच पडतो. ते पाणी मुरते, छाटलेल्या फांदीला नवे धुमारे फुटतात, आणि त्या नव्या धुमाऱ्यांवर उन्हाळ्यात कळ्या येतात. मे महिन्यात आपण जे फूल हुंगतो त्याची सिद्धता नोव्हेंबरात, कोणी पाहत नसताना, झालेली असते.

परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१९ च्या जूनमध्ये चेन्नईला पाणी पुरविणारे चारही प्रमुख जलाशय जवळजवळ कोरडे पडले. लोक रंगीत घागरी घेऊन टँकरची वाट पाहत रांगा लावीत होते. जुलैमध्ये जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या रांगेतील मातेला, "काय प्यावे याची चिंता करू नका, फुलांकडे पाहा," असे सांगणे ही थट्टा ठरणार नाही काय?

यिर्मया संदेष्टा या ठिकाणी आपल्या साहाय्याला येतो. परमेश्वरावर भाव ठेवणाऱ्या मनुष्याला तो पाण्याजवळ लाविलेल्या झाडाची उपमा देतो. अवर्षणाच्या वर्षाविषयी बोलताना त्याने त्या झाडासाठी जे इब्री क्रियापद योजिले आहे ते मनुष्याच्या चिंतेचे आहे. हरवलेल्या गाढवींचा शोध लांबला तेव्हा, आता बाप आपलीच चिंता करू लागेल, असे शौल म्हणाला (१ शमुवेल ९:५). तेथेही हेच क्रियापद आहे. झाड चिंता करीत नाही, असे संदेष्टा म्हणतो. का? अवर्षण पडणार नाही म्हणून नव्हे. अवर्षण तर आलेलेच आहे. झाडाने आपली मुळे आधीच प्रवाहाकडे पसरली आहेत, म्हणून.

चेन्नईचाच दाखला पाहा. २०१५ च्या डिसेंबरात जे शहर पुरात बुडाले, तेच २०१९ मध्ये तहानेने व्याकूळ झाले. आकाशाने दिले होते. भूमीने धरून ठेविले नाही. प्रत्येक इमारतीने पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे असा नियम तमिळनाडूने २००३ मध्ये केला, त्यामागील शहाणपण हेच होते. निश्चिंत असणे म्हणजे निष्काळजी असणे नव्हे. पावसाळ्याच्या दिवसांत मुळे पसरणे, म्हणजे सुखाच्या दिवसांत प्रार्थना, वचनाचे मनन व बंधुभगिनींची संगती यांत रुजणे, हे ज्याने केले त्याला दुःखाच्या दिवसांत नव्याने विहीर खणावी लागत नाही.

आणि प्रभूचे ते वचन चिंतेपाशीच संपत नाही. प्रथम देवाचे राज्य व त्याचे नीतिमत्त्व मिळविण्यास झटा, असे तो सांगतो. शेजाऱ्याची घागर रिकामी असताना नळीने अंगण भिजविणे हे नीतिमत्त्व नव्हे. तांदूळ धुतलेले पाणी मोगऱ्याला पुरते. स्वच्छ पाणी शेजाऱ्याचे आहे. रांगेतील त्या मातेला फुलांवरील प्रवचन नको असेल, परंतु प्रवचन ऐकलेल्या शेजाऱ्याच्या हातची एक घागर तिला हवी आहे. देवबाप आपल्या लेकरांची काळजी वाहतो ती पुष्कळदा आपल्याच हातांनी.

सदाफुलीकडे पुन्हा एकदा पाहा. बागेत सर्वांत कमी पाणी मागणारी ती. झाड स्वतः विषारी आहे. परंतु तिच्यापासून शुद्ध करून काढलेले व्हिन्क्रिस्टिन हे औषध १९६० च्या दशकापासून मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर जगभर दिले जात आहे. एग्मोरमध्येच मुलांचे मोठे सरकारी रुग्णालय आहे. आजारी लेकराला उराशी धरून तेथे येणाऱ्या आईबापांच्या वाटेवर, कोणा घराच्या कुंपणालगत, ती फुललेली असू शकेल. आणि तिच्या पानांत काय दडले आहे हे त्यांना ठाऊकही नसेल.

तेव्हा, वाचकहो, या उन्हाळ्यात आपल्या दारच्या एका झाडापाशी रोज थोडा वेळ थांबा. ते कसे वाढते हे शिका. मग स्वतःस विचारा : माझी मुळे कोठे गेली आहेत? आणि माझ्या फुलण्याने कोणाची तहान भागते?

देवबाप आपणांस खोल मुळे व उघडे हात देवो. आमेन.