आजीचे पाचशे

आजीने पदराची गाठ दातांनी सोडली तेव्हा आम्ही दोघं, मी आणि माझा मित्र म्हणजे तिचा नातू, तिच्या ओट्यावर युरोपला न्यायच्या बॅगा तोलत बसलो होतो. काटा माझ्या बाबांच्या किराणा दुकानातून आणलेला. बॅग सात किलोंच्या वर गेली की विमान कंपनी जादा पैसे घेणार, म्हणून मी एकेक बनियन मोजून बाहेर काढत होतो. गाठीतून पाचशेची नोट निघाली, घड्या पडून पडून कापडासारखी मऊ झालेली. आजीने ती नातवाला दिली नाही. माझ्या तळहातावर ठेवली.

"तू हिशेबाचा पोट्टा हायस. ह्याच्या खिशातून पैसा कुठी जाते ते ह्याले समजत नाही. तिथं गेले की त्या संताच्या कबरीपाशी दोन मेणबत्त्या लावजा. एक ह्याच्या आजोबाच्या नावानं, एक माह्या बहिणीच्या."

ती ज्या संताबद्दल बोलत होती, त्याचं नाव नागपूरच्या सदर भागात जन्मलेल्या प्रत्येकाच्या तोंडी असतं. आमच्या सदरमधलं कॅथेड्रल त्याच्या नावाचं, १८७० साली सुरू झालेली शाळाही त्याच्याच नावाची. सेंट फ्रान्सिस डी सेल्स. लहानपणी आम्ही नुसतं 'एसएफएस' म्हणायचो. ही अक्षरं एका माणसाची आहेत हे मला फार उशिरा कळलं. हा माणूस सव्हॉय प्रांतातला, जन्म १५६७ चा. जिनिव्हाचा बिशप झाला, पण जिनिव्हा तेव्हा प्रॉटेस्टंटांचं शहर, तिथे त्याला थारा नव्हता. म्हणून तो तिथून चाळीसेक किलोमीटरवरच्या ॲनसी नावाच्या गावात राहून काम करत राहिला. त्याच ॲनसीत १८३८ साली त्याच्या नावाने मिशनऱ्यांची एक संस्था निघाली. तिचे लोक १८४६ मध्ये विशाखापट्टणमला उतरले आणि पुढे आमच्या नागपूरपर्यंत पोचले. आल्प्सच्या बर्फातून निघून विदर्भाच्या उन्हाळ्यात येऊन राहिलेली ती माणसं. मित्राचे आजोबा चर्चच्या आवारात माळी होते. बागेतल्या कुठल्या झाडाला कधी पाणी द्यायचं, हे त्यांना एका म्हाताऱ्या फादरने शिकवलं होतं आणि कडुनिंब कधी छाटायचा, हे त्यांनी त्या फादरला. आजी हे अभिमानाने सांगायची.

त्या संताची कबर ॲनसीतच आहे, म्हणून आमच्या प्रवासाचं शेवटचं ठिकाण ॲनसी. तिथे २४ जानेवारीला, संताच्या सणाच्या दिवशी पोचायचं. त्याआधी बुडापेस्ट, व्हिएन्ना, म्युनिक. हिवाळ्यात कारण तिकिटं स्वस्त. नव्वद युरो व्हिसाची फी, तीस हजार युरोंचा सक्तीचा विमा, एवढं भरूनच आमची अर्धी ऐपत संपली होती. मित्र एका छोट्या शाळेत संगीत शिकवतो आणि चर्चच्या कॉयरमध्ये गातो. मी मिहानमध्ये नोकरी करतो. वाटा मात्र दोघांचा सारखा ठरला, आणि पैसा एकाच पाकिटात. पाकीट माझ्याकडे, वहीही माझ्याकडे.

पैसे बदलून घेताना खिडकीवर घाई होती. माझी रक्कम, त्याची रक्कम आणि आजीची नोट मी एकत्रच सरकवली. घरी येऊन वहीच्या पहिल्या पानावर जमेच्या बाजूला व्यवस्थित लिहिलं: आजी, ५००. अक्षर सुंदर आलं होतं.

बुडापेस्टला सव्वाचार-साडेचारलाच सूर्य मावळतो. नागपुरात २०१८ च्या डिसेंबरात पारा साडेतीन अंशांवर आला तेव्हा आम्ही शेकोट्या पेटवून मिरवलो होतो. इथे दुपारी त्याहून जास्त थंडी. आम्ही बारा पलंगांच्या खोलीत झोपायचो, सुपरमार्केटमधून पाव आणि चीज घ्यायचो, बाटल्या नळावर भरायचो. सेचेनीचं गरम पाण्याचं स्नानगृह १९१३ सालचं, पिवळ्या राजवाड्यासारखं. त्याच्या भिंतीवरून वाफेचे ढग वर येत होते. मित्र बराच वेळ तिथे थांबला. तिकिटाचा फलक वाचून मी मान हलवली आणि तो निघाला.

व्हिएन्नात त्याने एकदाच काही मागितलं. तिथल्या सरकारी ऑपेरात उभं राहून ऐकायची तिकिटं स्वस्त मिळतात. "उभ्यानं ऐकू बे. मले फक्त एकदा तो आवाज ऐकायचा आहे, खरा, माईकशिवाय." मी वही काढली. दोन तिकिटांत एका रात्रीचा पलंग येत होता. मी त्याला तो आकडा दाखवला. "ठीक आहे," तो म्हणाला. संध्याकाळी तो ऑपेरा हाऊसच्या कमानींखाली उभा राहून आत जाणारी माणसं बघत होता. मी बाजूला उभा राहून दिवसाचा हिशेब मांडत होतो. त्या दिवशी आम्ही अकरा युरो वाचवले, हे मला अजून पाठ आहे. त्या दिवशी त्याचा चेहरा कसा होता, ते मात्र आठवत नाही. मी पाहिलाच नव्हता.

म्युनिकला त्याच्या बुटांचा तळ सुटला. बर्फ वितळून पाणी आत जायचं. आम्ही पावाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या मोज्यांवर चढवून वरून बूट घातले. ही युक्ती मलाच सुचली होती आणि मला तिचं फार कौतुक वाटलं होतं. नवे बूट घेऊ, असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. पलंगाचे पैसे वाचावेत म्हणून जिनिव्हाची रात्रीची बस धरली.

त्या बसमध्ये त्याने मला आजीची गोष्ट सांगितली, जी ती थंडीच्या दिवसांत गल्लीतल्या सगळ्या पोरांना सांगत आली. १५९४ साली फ्रान्सिस आणि त्याचा चुलतभाऊ लुई, दोघं पायी शाब्ले नावाच्या मुलखात निघाले. प्रदेश विरोधकांचा, हातात पैसा नाही, हिवाळा कडक. लोक ऐकायला येईनात म्हणून फ्रान्सिस लिहून काढायचा आणि ती पत्रकं घरांच्या दारांखालून आत सरकवायचा. याच कामामुळे १९२३ साली पोपने त्याला लेखक-पत्रकारांचा आश्रयदाता संत ठरवलं. एका रात्री, असं सांगतात, लांडगे मागे लागले म्हणून तो झाडावर चढला आणि झोपेत पडू नये म्हणून स्वतःला फांदीला बांधून घेतलं. सकाळी शेतकऱ्यांनी त्याला गारठलेला उतरवला.

"आजी म्हणते, त्या रात्री लुई कोठी होता हे कोणी सांगत नाही," मित्र म्हणाला. "मी लहानपणी तिले खूपदा विचारायचो. सोबत निघालेला माणूस कोठी गेला?" मग तो खिडकीकडे तोंड करून झोपला. त्याचे पाय मांडीखाली दुमडलेले होते, ऊब मिळावी म्हणून.

ॲनसी सुंदर आहे. गावातून कालवा वाहतो, त्याच्या मधोमध दगडी जुना तुरुंग, पुढे तळं, तळ्यापलीकडे बर्फाचे डोंगर. पण आम्ही गाव बघायला थांबलो नाही. २४ तारीख होती. टेकडी चढून व्हिजिटेशनच्या बॅसिलिकात गेलो. तिथे फ्रान्सिस आहे आणि ज्यान द शांताल आहे, जिच्याबरोबर त्याने १६१० मध्ये याच गावात धर्मभगिनींचा संघ सुरू केला. सणाचा दिवस, माणसं होती, पण आवाज नव्हता. कोपऱ्यात मेणबत्त्यांची मांडणी, पेटलेल्या शेकडो वाती, बाजूला पैसे टाकायची पेटी.

मित्राने दोन मेणबत्त्या उचलल्या आणि माझ्याकडे पाहत थांबला. मी पाकीट काढलं, नाणी मोजली. त्याने माझा हात धरला.

"हे नाही. आजीचे काढ."

"यातच आहेत ना."

"हे आपले होय. तिचे कोठी आहेत?"

मी वही उघडली. पहिलं पान. आजी, ५००. त्याखाली त्या दिवसाची सगळी जमा, एक बेरीज. त्यानंतरची सगळी पानं खर्चाची. मी बोट फिरवत गेलो आणि माझ्या लक्षात आलं की या वहीतून काहीही शोधता येईल, तिचे पाचशे सोडून. ते बुडापेस्टच्या चीजमध्ये गेले असतील, म्युनिकच्या लॉकरमध्ये गेले असतील. मी त्या क्षणी बाबांचं दुकान डोळ्यांसमोर आणलं. गल्ला खाली, आणि वरच्या फळीवर दोन डबे. एकात गल्लीच्या गणपतीची वर्गणी, दुसऱ्यात शेजारच्या बायांची भिशी. सुट्ट्यांसाठी गिऱ्हाईक परत गेलं तरी बाबा ते डबे उघडत नसत. मी लहान असताना एकदा भिशीच्या डब्यातून दहाची सुट्टी काढली आणि बदली दहाची नोट टाकली, पूर्ण हिशेबाने. बाबांनी मला दुपारभर बाहेर उभं केलं होतं. म्हणाले होते, "गल्ल्यात पडला की पैसा आंधळा होते. कोनाचा, कायसाठी, त्याले काही दिसत नाही. म्हणून डबे वेगळे असतात." त्या दुकानात मी वाढलो होतो.

"मी आज जेवत नाही," मी म्हणालो. "माझ्या जेवणाचे पैसे टाकू."

"तू उपाशी राह्यला तं ती आजीची मेणबत्ती होते का बे?"

तो चिडला नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने दोन्ही मेणबत्त्या जागेवर ठेवल्या, गुडघे टेकून थोडा वेळ प्रार्थना केली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. मी त्याचे बूट पाहिले. पिशवीचं निळं टोक बाहेर डोकावत होतं. या संपूर्ण प्रवासात पहिल्यांदा मी त्याला विचारलं, "पाय दुखून राह्यले का?" तो म्हणाला, "बुडापेस्टपासून."

सदरला पोचलो तेव्हा पाकिटात एकशे चाळीस युरो शिल्लक होते. एवढ्यात बूट आले असते आणि ऑपेराही ऐकून झाला असता. मी ते वाचवून आणले होते, आणि विमानातल्या शेवटच्या तासापर्यंत मला वाटत होतं की ते कोणाला तरी दाखवायचे आहेत.

आजीने पाणी देण्याआधीच विचारलं, "लावल्या का?"

मी सगळं सांगितलं. मित्र मध्ये बोलला नाही. मी खिशातून नवी पाचशेची नोट काढून तिच्यापुढे धरली. म्हणालो, उद्या आपल्या चर्चमध्ये लावू, मी स्वतः येतो.

"इथं तं मी रोजच लावतो," आजी म्हणाली. "अन् ही तुही नोट होय. ते माह्या नवऱ्याच्या पेन्शनीतले होते." तिने माझा हात बाजूला केला. "चुकलं तं चुकलं. चहा घे."

तिने मला माफ केलं की नाही, हे मी तिला विचारलं नाही. चहात साखर नेहमीएवढीच होती.

महिन्याभराने पेन्शन झाल्यावर तिने मला हाक मारली. ओट्यावर बसली होती. पदराची गाठ पुन्हा दातांनी सोडली आणि पाचशेची नोट माझ्या तळहातावर ठेवली, नातू शेजारीच बसलेला असताना. मी म्हणालो, आजी, यावेळी त्याच्याकडे दे. ती म्हणाली, "हरवलं कोनं? तूनं. मंग तुह्याच हाती देतो." मी ती नोट घेऊन एकट्याने पैसे बदलायच्या खिडकीवर गेलो आणि पाच युरोची एक नोट बदलून मागितली. पाचशेहून थोडे जास्त लागत होते. वरचे मी घालतो, असं परत येऊन सांगितलं, तर तिने ऐकलं नाही. डब्यातली चिल्लर काढली, मोजली आणि पुरी करून दिली.

मित्राला मी बूट घेऊन दिले नाहीत. त्याने ते आपले आपण घेतले. या हिवाळ्यात आम्ही चिखलदऱ्याला जातो आहोत. वही त्याच्याकडे आहे.

पाच युरोची ती नोट बाबांच्या दुकानातल्या फळीवर, भिशीच्या डब्याशेजारी, तिसऱ्या डब्यात ठेवली आहे. आजीचं वय ब्याऐंशी आहे. येत्या २४ जानेवारीच्या आत ॲनसीला जाणारं कोणी तुमच्या ओळखीत असेल, तर सदरमध्ये मंगळवारी बाजाराजवळ चौकशी करून आमच्या दुकानात निरोप द्या.