सणाच्या दिवशी उघडं दार

परक्या देशात, तिथल्या सगळ्यांत मोठ्या सणाच्या दिवशी जेवायला कुठे जायचं, हे आपण फोनला विचारतो. फोनच्या लेखी हा साधा भुकेचा प्रश्न. तो जवळची नावं दाखवतो आणि खाली बारीक अक्षरांत इशारा देतो, की सणामुळे वेळा वेगळ्या असू शकतात. मला त्या बारीक अक्षरांबद्दल बोलायचं आहे. ज्या दिवशी सगळं गाव आपापल्या घरी जेवतं, त्या दिवशी मला कुणीतरी बाहेर वाढावं, अशी अपेक्षा धरायचा मला हक्क आहे का?

लंडनचंच उदाहरण घेऊ. मुलांना नाताळची सुट्टी आणि मोठ्यांची वर्षअखेरीची उरलेली रजा, असा मेळ बसतो म्हणून अनेक मराठी कुटुंबं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फिरायला निघतात. आम्हीही तसेच गेलो होतो. 25 डिसेंबरला लंडनमध्ये ट्यूब बंद असते, बसही धावत नाहीत. 2004 सालच्या कायद्यामुळे इंग्लंड आणि वेल्समध्ये 280 चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं त्या दिवशी उघडता येत नाहीत. रेस्टॉरंटना मात्र ही बंदी नाही. मोठ्या हॉटेलांत टर्की, भाजलेले बटाटे आणि पुडिंग असं ठरलेलं जेवण असतं. त्याचं बुकिंग बरंच आधी करावं लागतं आणि नेहमीपेक्षा पैसेही जास्त पडतात. याशिवाय उघडी सापडतात ती बरीचशी बांगलादेशी, तुर्की, चिनी मंडळींनी चालवलेली रेस्टॉरंटं.

आम्ही अशाच एका ठिकाणी पाऊण तास चालत पोचलो. जेवताना माझ्या मनात आलं, की बस नाही म्हणून आपण पायपीट केली, पण हा वाढणारा माणूस कसा आला असेल? विचारलं, तर म्हणाला, चौघं जण एका गाडीतून येतो. आज काम करायचं काही वाटत नाही, हा काही आमचा सण नाही. मग ताट उचलता उचलता सहज म्हणाला, "ईदला मात्र रजा मागावी लागते. आणि सगळ्यांना एकदम कशी मिळणार?"

त्यानं तक्रार केली नव्हती. पण तेव्हापासून मला हा प्रश्न दोन भागांत दिसतो. एक, पाहुण्याचा हक्क किती? आणि दोन, माझ्यासाठी जो उभा राहतो, त्याचा सण कधी?

पहिल्या भागाबद्दल कांट या जर्मन तत्त्वज्ञानं 1795 साली, शाश्वत शांततेवरच्या निबंधात, एक नेमका फरक सांगून ठेवला आहे. परक्या भूमीवर आलेल्या माणसाला शत्रूसारखं वागवलं जाऊ नये, एवढा त्याचा हक्क. घरचा पाहुणा म्हणून वागवलं जाणं हा हक्क नव्हे, त्यासाठी वेगळा स्नेहाचा करार लागतो. आपण पर्यटक नेमकी इथेच गल्लत करतो. तिकीट काढलं, व्हिसा मिळाला, हॉटेलचे पैसे भरले, म्हणजे त्या शहरानं आपल्याला जेवायला बोलावलंय असं धरून चालतो. मग बंद दारासमोर उभं राहून एक स्टार देऊन टाकतो.

आपल्याकडे तर 'अतिथी' या शब्दाची पारंपरिक फोडच अशी सांगतात, की ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी. तो अवचित दारात उभा राहतो, म्हणून त्याला परत पाठवायचं नाही. मी तर सहा महिने आधी तारीख ठरवून, कॅलेंडर बघून गेले होते. तिथी माहीत असलेल्यानं अतिथीचे लाड मागू नयेत. आदल्या दिवशी दुकानातून ब्रेड, चीज, फळं आणून ठेवणं मला सहज शक्य असतं.

मग काय, बाहेर जेवूच नये? तसंही नाही. न्यूयॉर्कमधले ज्यू लोक कित्येक दशकं नाताळच्या दिवशी चिनी रेस्टॉरंटमध्ये जेवत आले आहेत. 2010 साली एलेना केगन यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुकीची सुनावणी सुरू होती. नाताळला कुठे होतात, या प्रश्नावर त्यांनी सगळ्या ज्यूंसारखी बहुधा चिनी रेस्टॉरंटमध्येच असेन, असं उत्तर दिलं आणि सभागृहात हशा पिकला. ज्यांचा तो सण नाही असे दोन समाज त्या दिवशी एकमेकांना सापडले, आणि त्यातून त्यांची स्वतःची एक रीत तयार झाली. अशा ठिकाणी उघडं दार कुणाचं काही हिरावून घेत नाही. उलट एकट्या माणसाला ते फार मोठा आधार असतं.

अडचण दुसऱ्या भागात आहे. 'त्यांचा सण नाही, म्हणून ते काम करतील' हे वाक्य न्याय्य ठरतं ते फक्त परतफेड असेल तर. म्हणजे त्यांच्या सणाला दुसऱ्या कुणीतरी उभं राहायला हवं. ब्रिटनच्या सार्वजनिक सुट्ट्यांत ईद नाही, दिवाळी नाही. आणि ज्या सुट्ट्या आहेत, त्या दिवशी काम केलं तर जादा पगार द्यायलाच हवा असा कायदाही नाही. जे मिळतं ते मालकाच्या कराराप्रमाणे. राजीखुशीनं घेतलेली शिफ्ट आणि नाइलाजानं घेतलेली शिफ्ट गिऱ्हाइकाला सारखीच दिसते. दोन्हीकडे तेच हसू, तेच पाणी.

हे लंडनपुरतं नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पुण्यात खाणावळी बंद असल्या, की परगावचा विद्यार्थी बिस्किटांवर रात्र काढतो, आणि त्याच्याबद्दल मला वाईट वाटतं. पण हॉटेलातली बिहारची मुलं छटला गावी गेली, की "स्टाफच नाही यांच्याकडे" अशी कुरकुर त्याच शहरात ऐकू येते. स्वतःचा सण आपल्याला पंचांगातला वाटतो, दुसऱ्याचा सण गैरसोयीचा.

म्हणून मी स्वतःपुरतं एवढंच ठरवलं आहे. सणाच्या दिवशी बंद असलेल्या दाराला दोष द्यायचा नाही, कारण आतली माणसं आज स्वतःच्या घरी पाहुणी आहेत. उघडं असेल तर बुकिंग करून वेळेवर जायचं, आणि येणं जमणार नसेल तर लवकर कळवायचं. चौघं गाडी करून येतात आणि टेबल रिकामंच राहतं, असं व्हायला नको. टिप हातात द्यायची. एवढ्यानं त्या माणसाला ईदची रजा मिळणार नाही, हे मला कळतं. ती माझ्या शिष्टाचारानं नाही, नियम बदलल्यानंच मिळेल. पण निदान त्या दिवशीचं जेवण आपल्याला 'मिळालं' असं मी म्हणत नाही. ते कुणीतरी दिलेलं असतं.