हिशेब जुळल्यावर

ॲब्सर्ड हे युद्धोत्तर युरोपचं दुखणं, आपल्या मातीतला तो वास्तववाद, असं खानदेशी साहित्याच्या चर्चेत सर्रास ऐकू येतं. देशीवादाचं नाव घेतलं की नेमाड्यांची 'कोसला' ही कादंबरी आपसूक मातीच्या पारड्यात पडते. बेकेटच्या नाटकातली गोदोची वाट, ओसाड रंगमंच हे वाचकाला ठाऊकच आहे. पण निव्वळ विचित्र काही घडणं म्हणजे ॲब्सर्ड नव्हे. वास्तववादी लेखक तपशील देतो तो कारण पुरवण्यासाठी. ॲब्सर्ड लेखक तपशील ठेवतो आणि कारण काढून घेतो. काम्यूच्या 'आउटसायडर'चा (1942) नायक खून करून उन्हाकडे बोट दाखवतो.

या मापाने 1963ची 'कोसला' वास्तववादीच ठरायला हवी. सांगवीचं खातंपितं घर, करडा बाप, पुण्याचं होस्टेल, नायक पांडुरंगच्या गळ्यात पडलेला मेसचा कारभार आणि त्यात आलेली खोट, सगळ्याला कारण आहे. धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते, त्यातही गूढ काही नाही. पण कारण कळून पांडुरंगचं काहीच भागत नाही. म्हणजे माझं माप इथे तोकडं पडतं. काम्यूकडे कारण गळतं. नेमाड्यांकडे ते हजर असतं आणि कुचकामी ठरतं. मला हे दुसरं जास्त भयंकर वाटतं.

मातीचा मुद्दा किरकोळ आहे. ॲब्सर्डवरचा खरा आक्षेप वेगळाच. रावेर-यावलकडे वादळात केळीची खोडं आडवी होतात, आणि वाचलेल्या घडांना भाव मिळत नाही. याला निरर्थक म्हणणं म्हणजे भाव पाडणाऱ्याला मोकळं सोडणं नव्हे का? आक्षेप बिनतोड आहे, आणि दोष कुणाचा हे विचारायला वास्तववादच लागतो. पण 'कोसला'ही बापाला माफ करत नाही. तिथे आरोपही राहतो आणि पोकळीही. कारणांची यादी पुरी होते तिथेच ॲब्सर्ड सुरू होत असेल, तर तो वास्तववादाचा शत्रू कसला? त्याचाच पुढचा मुक्काम. भाव कुणी पाडला हे सांगणारी कादंबरी हवीच. मात्र दोषी सापडला त्या रात्री शेतकऱ्याला शांत झोप लागली, असं तिने लिहिलं, तर तिला वास्तववादी म्हणायला मी तयार नाही.